दानिएल मास्तर आणि पार्टी

माझ्या हाताखालून गेलेल्या टेपमध्ये कोणी कधी खोकलं नाही. जालन्यात आमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली होती. तिला मी स्टुडिओ म्हणायचो आणि बाकी सगळे 'मागची खोली' म्हणायचे. त्या खोलीत मी उभं आयुष्य लोकांचे आवाज टेपवर उतरवण्यात घालवलं. भजनी मंडळं आली, भीमगीतांच्या पार्ट्या आल्या, बियाण्यांच्या जाहिराती झाल्या, निवडणुकीत रिक्षावर लावायच्या घोषणा झाल्या. दारावर पाटी होती, 'स्वच्छ ध्वनिमुद्रण'. त्यातल्या 'स्वच्छ' या शब्दाचा मला भारी अभिमान होता. आज तो शब्द कुठे दिसला की मी नजर वळवतो. ह्या अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितलंय. सुरुवातीला एकदोन आहेत, पुढे नाहीत.

आधी धंद्यातलं थोडं सांगतो, कारण आता कोणाला ते माहीत असायचं कारण नाही. आमचा आवाज तपकिरी रंगाच्या अरुंद पट्टीवर उतरायचा. मोठ्या चकतीवर गुंडाळलेल्या त्या पट्टीला आम्ही स्पूल म्हणायचो. मूळ रेकॉर्डिंग स्पूलवर आणि त्याच्यावरून विकायच्या कॅसेटी. आता कॉम्प्युटरवर नको ते पुसता येतं आणि चुकून पुसलं तर परत आणता येतं. आमच्याकडे दाढीचं ब्लेड होतं. टेप दोन्ही हातांनी मागेपुढे सरकवून नको असलेला आवाज कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते ऐकायचं. तिथे पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची, तिरपा काप द्यायचा, मधला तुकडा काढायचा आणि राहिलेली टोकं चिकटपट्टीनं जोडायची. हे सगळ्यांनाच येत होतं. माझा जोड मात्र ऐकणाऱ्याला कळायचा नाही. औरंगाबादचे लोकसुद्धा आपली स्पुलं माझ्याकडे साफ करायला पाठवत आणि मला मागे ब्लेडवाले म्हणत.

एका कीर्तनकार महाराजांना दर अभंगाआधी खाकरायची सवय होती. मी त्यांचं सगळं खाकरणं वेचून काढलं. कॅसेट ऐकून महाराज म्हणाले, "सुधाकर, हे ऐकून मलाच धाप लागून राह्यली. ह्या माणसाला दम घ्यायला तू जागाच ठेवली न्हाई." मी हसलो. नगरपालिकेला उभे राहिलेले एक गृहस्थ दर दोन वाक्यांनी 'काय म्हणतात त्याला' म्हणायचे. ते सगळं काढल्यावर त्यांचं भाषण निम्म्यावर आलं. "माझं अर्धं भाषण कुठं गेलं?" म्हणून ते दुकानात आले. मी त्यांना टेपच्या तुकड्यांचा गुंता दाखवला आणि म्हणालो, "हे घ्या, ह्याच्यात आहे." ते पडले. मीच त्यांना पाडलं असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

हे कापलेले तुकडे मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. डबा भरला की तीर्थपुरीहून आमचे दाजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, येऊन घेऊन जात. ज्वारी दाण्यावर आली की आमच्याकडे शेतात टेप बांधतात. वाऱ्यावर ती चमकते, भणभणते, मग पाखरं बसत नाहीत. आपला कचरासुद्धा कुणाच्या उपयोगी पडतो याचं मला कौतुक वाटायचं.

दानिएल मास्तर हे लग्नाच्या बँडचे मास्तर. मिशनच्या शाळेत ते ट्रम्पेट शिकले, विशीत मुंबईला गेले आणि तिथल्या एका मोठ्या हॉटेलात रोज संध्याकाळी पाहुण्यांसमोर वाजवायचे. जॅझ म्हणतात ते संगीत त्यांनी तिथे उचललं. पुढे हॉटेलानं वादक कमी केले आणि मास्तर जालन्याला परत आले. इथे येऊन वरातीत सिनेमाची गाणी वाजवायला लागले. पण मुंबईचं ते वेड त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. बँडमधल्या तिघांना त्यांनी ते हळूहळू शिकवलं. वऱ्हाडी जेवायला बसले की मंडपाबाहेर, जनरेटरच्या आडोशाला, हे चौघं आपल्यासाठी वाजवायचे. त्याला ते जॅझ म्हणत नसत, 'हाटेलचं' म्हणत. "चला, थोडं हाटेलचं होऊन जाऊ द्या," असं मास्तर म्हणाले की तिघांचे चेहरे उजळायचे. मी ते पहिल्यांदा माझ्या मेहुण्याच्या लग्नात ऐकलं. ताटावरून उठून बाहेर आलो आणि हात धुवायचे राहिले.

हे काय आहे, असं मी मास्तरांना विचारलं, तेव्हा त्यांनी चहाच्या टेबलावर बोटं वाजवत मला समजावून सांगितलं.

"पहिल्यांदा सगळे मिळून धून सांगतेत. मंग एकेक जण त्या धुनेतून बाहेर निघतो, आपल्या मनाचं वाजवतो. बाकीचे रस्ता धरून बसतेत. तो फिरून आला की दुसरा निघतो."

"कोण कधी निघणार हे आधी ठरलेलं असतं?"

"बिलकुल न्हाई. मी नाव घेतो. नाव घेतलं की त्याची बारी. बोलावल्याबिगर कुणी निघत न्हाई, भाऊ."

मीच त्यांना म्हणालो, मास्तर, हे आपण टेपवर घेऊ. ते आधी हसण्यावारी न्यायला लागले. मग दोन दिवसांनी स्वतःच दुकानात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि डोक्याला टोपी. "खरंच घेता का?" असं त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं.

लग्नसराई संपलेली होती, त्यामुळे चौघंही मोकळे होते. सकाळी वीज असायची त्या वेळात काम उरकायचं होतं. पंखा बंद, भिंतींना गाद्या उभ्या लावलेल्या, खिडकीला पोती. आम्ही पाच माणसं त्या खोलीत घामानं निथळत होतो. चौघं कोण होते ते आता नीट सांगतो, कारण कॅसेटच्या कव्हरवर मी ते सांगितलं नाही.

ट्रम्पेटवर स्वतः दानिएल मास्तर. ते ट्रम्पेटच्या तोंडाशी स्टीलची वाटी धरायचे आणि ती उघडझाप करायचे. मग ट्रम्पेट माणसासारखं बडबडायला लागायचं. युफोनियमवर अंबादास, मंठा रस्त्यावरच्या गिरणीतला हमाल. युफोनियम म्हणजे ते पोटाशी धरायचं मोठं पितळी वाद्य. वरातीत त्याच्यातून दोनच सूर निघतात. मास्तरांनी अंबादासला त्याच्यावर चालायला शिकवलं होतं. एकेक सूर म्हणजे एकेक पाऊल, न थांबता, आणि प्रत्येक फेरीत वाट थोडी वेगळी. त्याच्या आवाजानं माझ्या मशीनचा काटा टोकाला जाऊन आपटत होता, म्हणून मी त्याला दाराबाहेर बोळात, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. त्यानं काही मनाला लावून घेतलं नाही. साइड ड्रमवर हबीबभाई. त्यांनी लाकडी काठ्या बाजूला ठेवल्या आणि शिंदीच्या झाडूच्या काड्यांची जुडी बांधून आणली. तिनं ते ड्रमवर मारायचेही आणि झाडल्यासारखं फिरवायचेही. हबीबभाईंचा ठेका चुकल्याचं जालन्यात कोणी ऐकलेलं नाही. बोलताना ते फार अडखळायचे, वाजवताना कधीच नाही.

आणि क्लॅरनेटवर रघुनाथ साळवे, मंठ्याचा. तेव्हा पस्तिशीचा असेल. अंगानं काटकुळा, डोळे कायम खाली. त्याच्या क्लॅरनेटला मधोमध तडा गेला होता, त्यावर त्यानं मेणाचा दोरा गुंडाळला होता. लग्नात बँडवाल्यांना सगळ्यात शेवटी जेवायला बोलावतात, तेव्हा बाकीचे आपणहून ताटाकडे सरकायचे. रघुनाथ कोणीतरी नाव घेऊन हाक मारल्याशिवाय उठायचा नाही. एकदा कोणीच हाक मारली नाही आणि तो तसाच उपाशी मंठ्याला गेला, हे मला हबीबभाईंनी सांगितलं होतं. पण क्लॅरनेट तोंडाला लावलं की हाच माणूस कुणाच्या बापाला भीत नसे. तो सुरू व्हायचा अगदी खालून, स्वतःशी बोलल्यासारखा. सूर जिथे असायला हवा त्याच्या किंचित खाली धरायचा आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागला की सावकाश वर न्यायचा. मला आधी ते बेसूर वाटलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर म्हणाले, "मुंबईत असं वाजवणारे दोघं पाह्यले मी. हा तिसरा."

वाजवायच्या आधी रघुनाथनं माझ्याकडे ब्लेड मागितलं. क्लॅरनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते, ती घासून नीट करायची होती. मी नवीन ब्लेड काढलं, मधोमध मोडलं आणि अर्धं त्याला दिलं. अर्धं माझ्या टेबलावर राहिलं.

त्यांनी ते एकदाच वाजवलं. पंधरा मिनिटं असेल. आधी चौघांनी मिळून मास्तरांची धून सांगितली आणि मग बाऱ्या सुरू झाल्या. अंबादासच्या पावलांवर, हबीबभाईंच्या झाडूवर ते चाललं होतं. मधेच मास्तर ट्रम्पेट तोंडावरून काढत आणि ओरडत, "हां रघू, ये! ये राजा!" आणि रघुनाथ निघे. "हबीबमियाँ, आव!" म्हटलं की बाकीचे गप्प होत आणि एकटा झाडू खोलीभर फिरे. "अंबादास, चल गड्या!" असं बोळाच्या दिशेनं ओरडावं लागे. प्रत्येकाला दोनदा बोलावलं. सहा हाका. संपल्यावर हबीबभाईंनी डोळे पुसले की घाम, ते मी पाहिलं नाही. रघुनाथ माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, मास्तरांनी नाव घेतलं ते आलं का टेपवर?"

"सगळं आलंय," मी म्हणालो.

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्पूल साफ करायला बसलो. अंबादासचं श्वास ओढणं काढलं. बाहेर एका म्हशीनं हंबरडा फोडला होता, तो काढला. आणि मग त्या हाका. माझ्या कानाला त्या हाका म्हणजे वाजवता वाजवता केलेली आरडाओरड होती, वरातीतली. इतकं देखणं संगीत आणि मध्ये गल्लीतल्यासारखं 'ये राजा'. मोठ्या कंपन्यांच्या रेकॉर्डवर असं कोणी ओरडतं का? मास्तरांची मुंबईच्या तोडीची कॅसेट निघावी असं मला मनापासून वाटत होतं. रघुनाथचा प्रश्न माझ्या ध्यानात नव्हता असंही नाही. मला वाटलं, हौस आहे बिचाऱ्याची, कव्हरवर नाव टाकू. टेबलावर अर्धं ब्लेड पडलेलं होतं. त्यानंच मी सहाही हाका कापल्या. प्रत्येक तुकडा वीतभर, एखादा थोडा मोठा. ड्रमच्या ठोक्याला पुढचा ठोका असा जोडला की जोड माझा मलाही सापडेना. आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम मी त्या दिवशी केलं. तुकडे डब्यात टाकले.

मग कव्हर छापायचं ठरलं. छापखान्यात तेव्हा सगळ्या कॅसेटींवर एकच पद्धत होती, मुख्य माणसाचं नाव आणि पुढे 'आणि पार्टी'. मी कागदावर चार नावं लिहून नेली होती. छापखानेवाला म्हणाला, एवढी नावं टाकली तर फोटो बारीक करावा लागेल. मी म्हणालो, मग राहू दे. 'दानिएल मास्तर आणि पार्टी' असं छापलं. खाली धुनेचं नाव हवं होतं, मास्तरांनी काही ठेवलं नव्हतं, म्हणून मी 'इंग्लिश धून' लिहून टाकलं. तिच्यात इंग्लिश काही नव्हतं.

मास्तर दुकानात कॅसेट ऐकायला आले. टोपी मांडीवर ठेवून बसले. पहिल्या जोडाशी त्यांचं टेबलावर ठेका धरलेलं बोट थबकलं. दुसऱ्या जोडाशी पुन्हा थबकलं. पुढे त्यांनी बोट हलवलंच नाही. संपल्यावर उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "लई साफ केलं, भाऊ तुम्ही." ही शाबासकी मी किती वर्षं सांगत फिरलो! मास्तर मात्र माझ्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. मला वाटायचं, माणूस कामात असेल. ते वारल्याचं मला महिन्यानं कळलं. पुढे हबीबभाई गेले, अंबादास गेला. बँड बंद पडला, डीजे आले. कॅसेटी बंद झाल्या आणि दुकानाच्या त्या खोलीत आता माझा मुलगा मोबाइलची कव्हरं ठेवतो.

गेल्या वर्षी पुण्याच्या कुणा हौशी माणसाला जुन्या बाजारात आमची ती कॅसेट सापडली. त्यानं ती इंटरनेटवर टाकली. मुलानं मला दुकानात हेडफोन लावून ऐकवली आणि खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. लोक वेडे झाले होते. क्लॅरनेट कोणाचं, म्हणून विचारत होते. एकानं ठामपणे लिहिलं होतं की हा मुंबईच्या हॉटेलातला वादक असणार, जालन्याच्या वरातीच्या बँडमध्ये असं वाजवणारा माणूस असणं शक्य नाही. त्याला बऱ्याच जणांनी मान डोलावली होती. आणखी एका जाणकारानं लिहिलं होतं की ड्रमर कच्चा आहे, दर वेळी नवीन वादक यायच्या तोंडावर तो मात्रा खातो.

हबीबभाई मात्रा खातात! मी ते पुन्हा लावलं आणि मास्तरांसारखा बोटानं ठेका धरून ऐकायला लागलो. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. जोडाशी आलो आणि एक, दोन, एक. मला तेव्हा ठोका ऐकू येत होता, मोजता येत नव्हता. ठोक्याला ठोका जोडला म्हणजे झालं असं मी समजत होतो. हाकेबरोबर मात्राही कापल्या गेल्या. मास्तरांचं बोट कशाला थबकलं ते मला इतक्या वर्षांनी, मोबाइलच्या कव्हरांच्या ढिगाऱ्यात बसून कळलं. ज्या माणसाचा ठेका आयुष्यात चुकला नाही, त्याला तो गेल्यावर मी जगासमोर कच्चा ठरवला होता.

त्यानंतर आठ दिवसांनी एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या, शिक्षिका. नाव सुनंदा. "काका, मी रघुनाथ साळव्यांची मुलगी. मंठ्याहून आल्ते."

रघुनाथचं नाव ऐकून मी उठून उभाच राहिलो. तो अजून हयात आहे हेच मला माहीत नव्हतं. बँड बंद पडल्यावर त्यानं कापसाच्या जिनिंगमध्ये रखवालदारी केली. दात पडले तसं क्लॅरनेट सुटलं, कारण पत्तीवर पकड घ्यायला समोरचे दात लागतात. दिवाळीपासून अर्धं अंग गेलं होतं.

"बाबा जन्मभर सांगत आले की ते मास्तरांसोबत वाजवायचे, त्यांची कॅसेट आहे, मास्तर नाव घेऊन बोलावतेत त्याच्यात. पण घरात ती कधी आली न्हाई, त्यांनी न् आम्ही कुणीच ऐकली न्हाई. आता माझ्या पोरानं मोबाइलवर काढली. पण त्याच्यात नाव न्हाई कुठं. खाली लिहिलंय की मुंबईचा माणूस आहे. पोरगं म्हणतं, आजोबा फेकतेत. बाबांनी पोराचं ते बोलणं ऐकलं, काका. तेव्हापासून जेवण कमी केलंय. मूळ टेप तुमच्याकडे असंल ना? तिच्यात नाव बराबर असंल."

मी त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो."

मूळ स्पूल माझ्याकडे होतं. त्यात काय आहे आणि काय नाही ते मला चांगलं ठाऊक होतं. त्या गेल्यावर मी तीर्थपुरीला दाजींना फोन लावला. दाजी आता ऐंशीच्या घरात आहेत, पण शेतातलं काही विसरत नाहीत. मास्तरांच्या रेकॉर्डिंगच्या साली नेलेला डबा, बारक्या बारक्या तुकड्यांचा, असं म्हटल्यावर त्यांना आठवलं.

"ते तुकडे? बांधायला पुरत न्हवते रे, लई आखूड व्हते. मंग काड्यांना एकेक बांधून खोचले बांधाबांधानं. का रे, काय व्हतं त्याच्यात?"

"काही नाही, दाजी."

"पाखरं मात्र बसली न्हाईत त्या साली," दाजी म्हणाले. मी फोन ठेवला आणि देवघरापुढे जाऊन बसलो.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी ती हाक खोटी करायचं ठरवलं. मला काय अवघड होतं? मुलाच्या कॉम्प्युटरसमोर बसलो, दार लावलं आणि मास्तरांच्या आवाजात ओरडलो, "हां रघू, ये! ये राजा!" पुन्हा ओरडलो. दिवसभर ओरडत राहिलो. आवाज थोडाफार जमला. पण मास्तरांच्या हाकेत हसू होतं. आपल्या माणसाला आता काय सुचणार आहे याची त्यांना उत्सुकता असायची, ती हाकेत यायची. माझ्या हाकेत फक्त भीती ऐकू येत होती. संध्याकाळी मी ते सगळं पुसून टाकलं. आयुष्यात एकदा तरी योग्य ते पुसलं.

मग मी मंठ्याला गेलो. स्पुलावरची धून मुलानं मोबाइलवर घेऊन दिली होती, बरोबर एक छोटा स्पीकर घेतला. दुपारची वेळ होती. रघुनाथ पलंगावर होता, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली खुंटीला जुनी पिशवी. पिशवीत क्लॅरनेट आहे हे तिच्या आकारावरून कळत होतं. मला ओळखून त्यानं डावा हात वर केला. उजवा चादरीवर नुसता पडून होता. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं.

"भाऊ, आणलं का?"

मी स्पीकर उशाशी ठेवला आणि धून लावली. सुनंदाबाई पायथ्याशी बसल्या, त्यांचा मुलगा दारात उभा राहिला. अंबादासची पावलं सुरू झाली, हबीबभाईंचा झाडू फिरायला लागला. रघुनाथनं डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं चादरीवर हलायला लागली, चाराच्या ठेक्यात. सगळ्यांनी मिळून सांगितलेली धून संपत आली तशी ती बोटं थांबली आणि हवेत उचललेली राहिली. मला कळलं, तो हाकेची वाट बघतोय.

हाक आली नाही. क्लॅरनेट सुरू झालं. त्याचंच क्लॅरनेट, खालून, स्वतःशी बोलल्यासारखं. बोटं हवेतच होती. स्वतःच्या बारीला तो उशिरा पोचला होता. त्यानं डोळे उघडले.

"मास्तर नाव घेतेत ते?"

मी स्पीकर बंद केला. आणि मग सांगितलं. स्वच्छ करायचं म्हणून मी कापलं, त्यानं पत्ती घासली त्याच ब्लेडच्या दुसऱ्या अर्ध्यानं, आणि ते तुकडे तीर्थपुरीच्या ज्वारीत गेले. काही राखून ठेवलं नाही. सुनंदाबाई माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांच्या मुलाला म्हणालो, "बाळा, हे तुझे आजोबाच आहेत. मी समोर बसलो होतो." त्यानं मान हलवली. पटलं म्हणून हलवली की म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायला, ते मला कळलं नाही.

"रघुनाथराव," मी म्हणालो, "मी लेख लिहितो. सगळ्यांची नावं लिहितो. छापून येईल."

त्यानं डावा हात हलवून मला थांबवलं. मग एकेक शब्द ओढत म्हणाला, "नावाचं न्हाई, भाऊ. मी कधी बिनबोलावता गेलो न्हाई. ताटावर न्हाई न् बारीलाबी न्हाई. मास्तर बोलवायचे म्हणून मी निघायचो. आता हे ऐकणाऱ्याला वाटंल, हा आपला आपणच घुसला."

सुनंदाबाईंनी विचारलं, "बाबा, पुन्हा लावू का?"

त्यानं मान भिंतीकडे वळवली. "नको," म्हणाला. "मला कुणी बोलावलं न्हाई त्याच्यात."